एका क्लिकवरचा मुराबहा: लघुउद्योजकांच्या प्रश्नांना उत्तरे

अ‍ॅपवरून मिळणाऱ्या इस्लामी अर्थसाहाय्याबद्दल, विशेषतः मुराबह्याबद्दल (व्याजाने कर्ज देण्याऐवजी बँकेने माल विकत घेऊन तो उघड नफ्यासह ग्राहकाला हप्त्यांवर विकणे), तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्याने त्यांतील काहींची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न: अर्जदार मुस्लिमच असावा लागतो का?

उत्तर: नाही.

प्रश्न: मुराबह्यातील नफ्याचा दर प्रचलित व्याजदराच्या आसपासच असतो. मग फरक नावापुरताच नव्हे काय?

उत्तर: व्यवहाराचे स्वरूप दराच्या आकड्यावरून ठरत नाही. बँकेने माल खरोखर विकत घेऊन तो खर्च आणि नफा उघड करून तुम्हाला विकला की नाही, हे पाहावे लागते. तशी विक्री झाली असेल, तर हप्ते लांबले तरी ठरलेली किंमत वाढत नाही.

प्रश्न: मी आधीच आणलेल्या मालाचे बिल अ‍ॅपवर चढवले, एकदा ‘मान्य’ दाबले आणि रक्कम थेट माझ्या खात्यात आली. कंपनी म्हणते, शरीया मंडळाची (व्यवहार इस्लामी नियमांना धरून आहे का, हे पाहणाऱ्या जाणकारांच्या समितीची) मंजुरी आहे. हे चालते का?

उत्तर: आपण लिहिले तसेच घडले असेल, तर याला मुराबहा म्हणणे मला शक्य नाही. जो माल आधीच तुमचा आहे, तो तुम्हालाच विकण्याचा अधिकार कोणत्याही बँकेला नाही. अशा वेळी उरतो तो केवळ पैशावर अधिक पैसे घेण्याचा व्यवहार. इस्लामी वित्तव्यवहारांची मानके ठरवणाऱ्या बहरीनस्थित ‘आयोफी’ या संस्थेच्या मानकानुसार वित्तसंस्थेने माल आधी स्वतःच्या मालकीत आणि प्रत्यक्ष किंवा कायदेशीर ताब्यात घ्यावा लागतो, त्या अवधीतील नुकसानीची जोखीम तिची असते, पुरवठादाराला पैसे तिनेच द्यायचे असतात आणि ग्राहकाला खरेदीचा प्रतिनिधी नेमणे हा अपवाद मानला जातो.

वेग हा दोष नव्हे. खरेदी, ताबा आणि विक्री यांच्या स्वतंत्र वेळा नोंदवून हेच काम अ‍ॅपही चोख करू शकते. दोष आहे तो तिन्ही टप्पे एका बटणात कोंबण्यात, आणि त्याहून मोठा दोष देखरेखीत. शरीया मंडळ बहुधा कागदावरच्या मसुद्याला मंजुरी देते. त्यानंतर अ‍ॅपच्या आवृत्त्या बदलत राहतात आणि मंजुरीचे चिन्ह मात्र जाहिरातीत तसेच झळकत राहते. मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने 2019 च्या धोरणात शरीया अनुपालनाची अंतिम जबाबदारी संचालक मंडळावर ठेवली आणि नियमित आढावा, जोखीम व्यवस्थापन व लेखापरीक्षण बंधनकारक केले, ते उगाच नव्हे. मात्र बँक नसलेल्या कंपनीला असे नियम लागू असतीलच असे नाही. म्हणून मंजुरीची तारीख, ती कोणत्या कराराला आहे आणि शेवटचे शरीया लेखापरीक्षण कोणी व केव्हा केले, हे कंपनीकडे लेखी मागा. झालेल्या व्यवहाराचे काय करावे, हे कागद पाहिल्याशिवाय सांगणे योग्य नाही. कंपनीकडून मानधन न घेणाऱ्या शरीया जाणकाराला आणि वकिलाला ते दाखवा. पुढचा अर्ज तोवर थांबवा.

प्रश्न: धातूची खरेदी-विक्री दाखवून रोख रक्कम देणारा तवर्रुक (माल उधारीवर घेऊन तो लगेच तिसऱ्याला रोखीने विकणे) वैध आहे का?

उत्तर: यावर एकमत नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मशास्त्रीय कायदा) अकादमीने 2009 मध्ये संघटित तवर्रुक, म्हणजे खरेदी-विक्रीची सारी जुळवाजुळव वित्तसंस्थाच करते तो प्रकार, अमान्य ठरवला, मलेशियात तो मान्य आहे, तर आयोफी कडक अटी घालते. आपण ज्यांचे मत मानता, त्यांनाच विचारा.

प्रश्न: उशिराबद्दल कंपनीने दंड लावला. तो तिला ठेवता येतो का?

उत्तर: आयोफीच्या मानकानुसार अशी रक्कम धर्मादाय कामाला जाते, उत्पन्नात धरता येत नाही. काही देशांत प्रत्यक्ष नुकसानीइतकी भरपाई घेण्यास मुभा आहे, तेव्हा दंडाचे कलम आणि स्थानिक नियम तपासून घ्या. अडचण दिसताच, हप्ता चुकण्यापूर्वी, कंपनीला लिहा. तीन हप्ते थकल्यावर आलेल्या पत्रांना माझ्यापाशी फारसे उत्तर नसते.

प्रश्न: ‘हलाल अ‍ॅप’ची एक यादी फिरते आहे. विश्वासार्ह आहे का?

उत्तर: यादी कोणी केली हेच तिच्यावर नसेल, तर नाही. नियामकाच्या अधिकृत नोंदीत कंपनीचे नाव शोधा, आणि ते सापडले तरी करार वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.