उंचावर गेल्यावर गिर्यारोहकांची स्मरणशक्ती खरंच कमी होते का?

होते. जुन्या आठवणी सहसा शाबूत राहतात. नवीन लक्षात ठेवणं आणि झटपट निर्णय घेणं बिघडतं. एव्हरेस्ट बेस कॅम्पला (सुमारे ५३०० मीटर) हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा, शिखरावर जेमतेम एक तृतीयांश. मेंदूला प्राणवायू कमी पडतो, मग कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) लॉक केला की नाही हेच आठवत नाही. वाईट हे की, ज्याचं डोकं चालत नाही त्यालाच ते कळत नाही. म्हणून तपासायचं जोडीदाराने: एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालायला लावा. तोल जातोय, बरळतोय? मेंदूला सूज आली समजा आणि ‘सकाळी बघू’ न म्हणता लगेच खाली उतरवा. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका.