लाल स्क्रीन आली, पण ब्राउझरला कळलं कसं?

प्रश्न: बाबांना मेसेज आला, लाइट बिल थकलंय, आज रात्री वीज कापणार, खाली लिंक. त्यांनी दाबली तर डायरेक्ट लाल स्क्रीन, धोका म्हणून! भाऊ म्हणतो साइट दोनच दिवसांपूर्वीची होती, मग ब्राउझरला कळलं कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: थोडक्यात वाचले बाबा! जुनी पद्धत काळ्या यादीची, म्हणजे कुणीतरी फसणार, तक्रार करणार, मग पत्ता यादीत जाणार, पण हे चोर रोज नवा पत्ता काढतात त्यामुळे यादी कायम मागेच. म्हणून मशीन लर्निंग. ढीगभर चांगल्या-वाईट साइट कॉम्प्युटरला दाखवायच्या आणि फरक त्यालाच शोधू द्यायचा, पत्ता किती लांब, ठिपके नि डॅश किती, 'बिल', 'लॉगिन' असले शब्द घुसडलेत का, डोमेन (साइटचं नाव) कधी रजिस्टर झालं, सर्व्हर (साइट ठेवलेला कॉम्प्युटर) कुठला. एका खुणेवरून काही ठरत नाही, सगळ्यांचे मार्क मिळून निकाल. 2009 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी पान न उघडताच, नुसता पत्ता नि डोमेन-सर्व्हरची माहिती बघून 95 ते 99 टक्के अचूकता मिळवली होती.

तरी चुकतं हं. एखाद्या शाळेची जुनी साइट हॅक करून आत खोटं पान ठेवलं की डोमेन जुनं, इज्जतदार, मग शिकवलेला कॉम्प्युटरही गंडतो. आणि पत्त्याशेजारचं ते कुलपाचं चिन्ह बघून निर्धास्त होऊ नका, कुलूप चोरालाही फुकट मिळतं! महावितरणचा खरा पत्ता महाडिस्कॉम डॉट इन, तो स्वतः टाइप करा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, 1930.