गुरुवारीच पोट का दुखतं?

मी समुपदेशक. दर वर्षी कॉलेजच्या पहिल्या इंटर्नलचे मार्क लागले की आठवड्याभरात माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. मुलं म्हणतात, "मॅडम, स्टॅट्स आणि कोडिंग मला जमतच नाहीये, माझी साईड चुकली का?" आणि आईवडील म्हणतात, "अहो बारावीपर्यंत गणितात कधी अडली नाही हो, पुण्याला गेली आणि काय झालं कळेना." म्हणून त्यातलीच एक केस सांगते. मुलीला विचारून सांगतीये, गाव आणि बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, नाव देत नाही.

एफवायची मुलगी, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. इथे नारायण पेठेत कॉट बेसिसवर, एका खोलीत चौघीजणी, डबा मेसचा. वडिलांचं किराणा दुकान. बारावीला गणितात 91. कॉलेजला पहिल्याच वर्षी एक पेपर होता, स्टॅटिस्टिक्सची (म्हणजे संख्याशास्त्राची) ओळख आणि त्याच्या जोडीला आर नावाच्या कॉम्प्युटर लँग्वेजमध्ये प्रॅक्टिकल. त्यात इंटर्नलला 20 पैकी 6.

पण ती हे घेऊन आलीच नव्हती, ती आली पोटदुखी घेऊन. डॉक्टरांनी दोनदा ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, सोनोग्राफी नॉर्मल, तिसऱ्यांदा गेली तेव्हा ते म्हणाले एकदा समुपदेशकाला भेटून बघ. फोनवर तिनं विचारलं, गुरुवारी सकाळी अकराची वेळ मिळेल का. गुरुवार सकाळ माझी मोकळीच असते, दिली.

पहिली दोन सेशन्स मी वाया घालवली, हे मान्य करते. नवीन शहर, घरची आठवण, झोप नाही, असं सगळं सरसकट धरून मी तिला श्वासाचे व्यायाम शिकवले, टाईमटेबल करून दिलं. तिनं ते सुंदर अक्षरात वहीत उतरवून घेतलं (तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की ही मुलगी काहीही सुंदर अक्षरात उतरवून घेते). दुसऱ्या वेळी आली तर "केलं मॅडम सगळं" आणि तोंड पहिल्यापेक्षा उतरलेलं.

तिसऱ्या गुरुवारी मी सहज विचारलं, कॉलेज किती वाजता असतं गं तुझं? तर म्हणे साडेसातला, मग दहापर्यंत लेक्चर, मग अकराला लॅब. म्हटलं लॅब कुठल्या वारी? ती गप्प. आणि मग माझी ट्यूब पेटली की पोट दुखतं गुरुवारी, लॅब गुरुवारी अकराला, आणि माझ्याकडची वेळ पण गुरुवारी अकराची. म्हणजे तीन आठवडे मीच तिला लॅब बुडवायला सभ्य कारण पुरवत होते आणि वर फी पण घेत होते.

ती काही लबाडी करत नव्हती, हे आधी सांगते. आपण भीतीच्या जागेपासून लांब गेलो की लगेच बरं वाटतं, पोट दुखायचं थांबतं, आणि मनाला तेवढंच कळतं की लांब गेलं की सुटका होते. म्हणून पुढच्या वेळी भीती थोडी जास्त लवकर येते. आधी लॅबच्या दारात पोट दुखायचं, मग कॉलेजच्या गेटपाशी, मग बुधवारी रात्रीच.

मग लॅबमध्ये नक्की काय होतं ते विचारलं. तीसेक मुलं, समोर प्रोजेक्टर, सर कोड टाईप करत जातात आणि मुलं बघून बघून टाईप करतात. निम्म्या मुलांनी अकरावी-बारावीला कॉम्प्युटर घेतलेलं, त्यांचं पाच मिनिटांत "झालं सर". हिनं लॅपटॉप पहिल्यांदा हातात घेतला तो जूनमध्ये, हिंजवडीला नोकरी करणाऱ्या चुलतभावाचा जुना. त्याआधी सगळं मोबाईलवर. त्यामुळे फाईल डाऊनलोड केली की ती कुठे जाते, फोल्डर म्हणजे काय, हेच माहीत नव्हतं आणि सर म्हणत होते फाईल ओपन करा. ह्या गोष्टीवर कुणी बोलत नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांत निम्म्यांची गाडी स्टॅट्सला नाही तर इथेच अडकते, डाऊनलोडमध्ये एकाच फाईलच्या चार कॉप्या आणि त्यातली कुठली खरी ते ठाऊक नाही. दादाला फोन केला तर दादा म्हणाला, "अगं सोप्पंय हे, दोन दिवसांचं काम." झालं. त्यानंतर तिनं कुणालाच विचारलं नाही.

"सोप्पंय" ह्या शब्दावर माझा फार राग आहे. सांगणाऱ्याला वाटतं आपण धीर देतोय. ऐकणाऱ्याला कळतं एवढंच की सोपी गोष्ट पण मला येत नाही.

पुढच्या सेशनला लॅपटॉप आणायला सांगितला, आणि वेळ दिली बुधवारी संध्याकाळची. मी काही प्रोग्रामर नाही, आम्हाला एमएला स्टॅट्स होतं ते कॅल्क्युलेटरवर. म्हटलं तुला जिथे अडतं ते मला करून दाखव. तिनं वर्गातल्या पोरांच्या मार्कांची फाईल उघडली, सरासरीची ओळ टाईप केली, एंटर मारला, खाली लाल अक्षरं आली आणि तिनं अख्खी विंडो बंद केली. एका सेकंदात. वाचलं पण नाही.

"काय लिहिलं होतं?"

"एरर आला मॅडम."

"ते झालंच, पण लिहिलं काय होतं?"

तिला माहीत नव्हतं. चार महिन्यांत तिनं एकही एरर वाचला नव्हता. लाल रंग आला की बंद. दोनदा तर बिघडलंय समजून अख्खं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं होतं. मी परत करायला लावलं, ह्यावेळी तिचा हात हातात धरला (खरंच धरला), आणि म्हटलं वाच मोठ्यानं. ऑब्जेक्ट मार्क्स नॉट फाउंड. म्हणजे मार्क्स नावाचं काही सापडलं नाही. का नाही सापडलं? कारण तिनं वरती नाव देताना स्मॉल एम टाकला होता आणि खाली कॅपिटल. आपल्या मराठीत ही भानगडच नाही, म आहे तो म. कॉम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं वाटतात. तिनं एक अक्षर बदललं, उत्तर आलं, आणि ती माझ्याकडे बघायला लागली की बस, एवढंच?

एवढंच नव्हतं अर्थात. लगेच दुसरी फाईल घेतली तर सरासरीच्या जागी एनए आलं, म्हणजे आकडा उपलब्ध नाही. एक मुलगा गैरहजर होता, त्याची जागा रिकामी, आणि आर मध्ये एक जरी आकडा नसला तरी तुम्ही स्पष्ट सांगितल्याशिवाय ते सरासरी देतच नाही, सगळ्या वर्गाचं उत्तर एनए. रिकाम्या जागा सोडून दे असं सांगावं लागतं. मला क्षणभर मोह झाला हिला सांगायचा की बघ, तू पण एका पेपरवरून स्वतःला असंच एनए देऊन टाकलंस. नाही सांगितलं, फार फिल्मी झालं असतं.

पण खरी गाठ सुटली ती वेगळ्याच ठिकाणी. मी विचारलं, कोडिंग सोड, स्टॅट्स तरी आवडतं का, एसडी, स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे काय सांग. तिनं फॉर्म्युला घडाघडा म्हटला. म्हटलं हे नाही, म्हणजे काय? परत फॉर्म्युला. मग मी कागदावर लिहिलं. डेक्कनच्या स्टॉपवर तीन दिवस बसची वाट बघितली, 9 मिनिटं, 10, 11. दुसऱ्या स्टॉपवर 2, 3 आणि 25. सरासरी दोन्हीकडे 10. तू कुठे उभी राहशील? ती लगेच म्हणाली पहिल्या, दुसऱ्याचा भरवसा नाही. म्हटलं हा जो भरवसा नाही आहे ना, तो आकड्यात सांगायचा म्हणजे एसडी. पहिल्याचा येतो 1 आणि दुसऱ्याचा 13.

ती म्हणाली, "13 नाही मॅडम, 10.61."

आणि एकदम रडायला लागली. मला कळेना. मग हळूहळू बाहेर आलं. सेमिस्टरच्या सुरुवातीलाच तिनं एक गणित हातानं केलं होतं, बारावीपर्यंत शिकलेल्या पद्धतीनं, आणि आर ने वेगळं उत्तर दिलं. परत केलं, परत वेगळं. चार वेळा. तिचं गणित कधी चुकत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि मशीन तर चुकणार नाही, म्हणजे मग मी चुकतीये, पण कुठे ते दिसत नाही. वर्गात विचारायचा धीर झाला नाही. तिथून पुढे तिनं स्वतः करणं सोडलं, मैत्रिणीचा कोड घ्यायचा नाहीतर चॅटजीपीटीकडून, जर्नलमध्ये सुंदर अक्षरात उतरवायचा, सही घ्यायची. जर्नल कम्प्लीट, आणि इंटर्नलच्या ऑरलला सरांनी विचारलं की ही ओळ काढली तर काय होईल, तर ही पुतळ्यासारखी उभी.

मजा अशी की दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. शाळेत आपण सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करून बेरजेला एकूण आकड्यांनी भागतो, म्हणजे 3 नं. आर एकानं कमी भागतं, 2 नं. दुसऱ्या स्टॉपच्या वर्गांची बेरीज आहे 338, तीननं भागून वर्गमूळ काढलं की 10.61, दोननं भागलं की 169 आणि त्याचं वर्गमूळ बरोब्बर 13. का एकानं कमी, तर ते तीन आकडे म्हणजे सगळ्या बसेस नव्हेत, नमुना आहे, आणि सरासरी पण आपण त्याच नमुन्यातून काढलीये. सरासरीपासूनचे फरक बघा, उणे 8, उणे 7, आणि तिसरा 15 च असावा लागतो कारण तिघांची बेरीज शून्यच येते. दोन कळले की तिसऱ्याला काही स्वातंत्र्यच नाही. ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी तेव्हा चुकलेच नव्हते?"

नव्हतीस. उलट वर्गात तेवढं तू एकटीनंच हातानं करून पडताळून बघितलं असेल.

मग मी पण जरा रंगात आले. तिला सांगितलं की ही आर लँग्वेज ऑकलंडच्या विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन ह्या दोघांनी 1990 नंतरच्या वर्षांत केली, ती सुरुवातीचं स्टॅटिस्टिक्स शिकवायला काहीतरी हवं म्हणून, म्हणजे हिच्यासारख्यांसाठीच. आणि पुढच्या युनिटमध्ये जी स्टुडंट्स टी टेस्ट आहे (सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोगाचा ते तपासायची पद्धत) ती तिला विद्यार्थ्यांच्या मार्कांची टेस्ट वाटत होती. म्हटलं नाही गं, गॉसेट नावाचा माणूस होता, डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीत कामाला, त्याच्याकडे नमुने असायचे थोडेच, म्हणून थोड्या आकड्यांचं गणित त्यानं बसवलं आणि 1908 मध्ये स्टुडंट ह्या टोपणनावानं छापलं. बिअर म्हटल्यावर ती पहिल्यांदा हसली.

पुढे केलं ते फार काही नाही. लॅब बुडवायची नाही, पोट दुखलं तरी दहा मिनिटं बसायचं आणि मग हवं तर उठायचं (दोन गुरुवार उठली, तिसऱ्याला विसरली). घरी रोज चालणारा कोड मुद्दाम बिघडवायचा, कंस काढ, स्वल्पविराम खा, स्पेलिंग चुकव, आणि कुठला एरर येतो ते वहीत मराठीत लिहायचं. आपणच आणलेल्या एररची भीती वाटत नाही, हे मी बऱ्याच मुलांवर बघितलंय. आणि स्टाफरूममध्ये जाऊन सरांना 13 आणि 10.61 चा कागद दाखवायचा. ह्याला तिनं तीन आठवडे लावले. सर म्हणे म्हणाले की हा प्रश्न दर वर्षी कुणाला तरी पडलेला असतो, पण विचारायला येतं कोण.

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवून काढायची असा पण एक उपाय आहे, 2011 मध्ये सायन्स ह्या जर्नलमध्ये त्यावर रामिरेझ आणि बायलॉक ह्यांचा अभ्यास आला होता. माझ्या अनुभवात काहींना लागू पडतो, काहींना नाही. हिला नाही पडला, ती म्हणाली लिहिलं की जास्तच आठवतं. सोडून दिला.

मध्ये वडिलांचा फोन. "मॅडम, साईड बदलून टाकू का, पैसे गेले तर गेले." मार्क लागल्याच्या महिन्यात साईड बदलायचा निर्णय घेऊ नका, हे मी सगळ्याच पालकांना सांगते. बदलणं वाईट म्हणून नव्हे. मागच्या वर्षी एक मुलगा होता, त्याला एरर वाचता यायचे, एसडी पण कळायचा, फक्त कंटाळा यायचा मनापासून. तो इतिहासाला गेला आणि मजेत आहे. आवडत नाही आणि भीती वाटते ह्या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, भीती जरा ओसरल्यावरच कळतं कुठली आहे. आणि झोप-जेवण दोन-तीन आठवडे बिघडलेलं असेल, जगण्यात अर्थ नाही असलं काही मूल बोलत असेल तर हे वह्या-बिह्यांचे उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या, टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी नंबर आहे त्यावर मराठीत बोलता येतं.

ती पास झाली, मार्क बरे म्हणावे इतपत. कोडिंग अजून आवडत नाही तिला, तसं स्पष्ट सांगते. दिवाळीनंतर एकदा रूममेटशी भांडण झालं म्हणून तिचा फोन आला, भेटायचंय म्हणाली. बाकीचे दिवस माझे भरलेले होते, म्हटलं गुरुवारी सकाळी अकराला ये, नेहमीसारखी.

"गुरुवारी नको ना मॅडम," म्हणाली, "लॅब असते."