लॉकडाऊनमध्ये व्हायरल लोड झाली नाही, म्हणून मेडिक्लेम नाकारला

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात राहतो. २०१६ पासून सरकारी एआरटी केंद्रातून एचआयव्हीची औषधं घेतो. २०१८ मध्ये पॉलिसी काढताना आजार लिहून दिला होता. माझी व्हायरल लोड चाचणी (रक्तात विषाणू किती आहेत हे मोजणारी) एप्रिल २०१९ नंतर थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली, कारण मधल्या काळात लॅब बंद होती. यंदा न्यूमोनियामुळे नऊ दिवस ॲडमिट होतो. कंपनीने ‘अडीच वर्षं तपासणी नाही, उपचारांत हयगय’ असं कारण देऊन क्लेम फेटाळला. चाचणी न करणाऱ्या सरकारी रुग्णालयावर केस करू की कंपनीवर?

उत्तर: रुग्णालयावर नको. एक तर ज्या डॉक्टरचं प्रमाणपत्र तुम्हाला हवं आहे, त्यालाच नोटीस पाठवून कसं चालेल? शिवाय ती केस टिकणारही नाही. जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते तिथला रुग्ण ग्राहक संरक्षण कायद्याखाली ‘ग्राहक’ ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ मधल्या कलम १४ नुसार निदानाच्या सोयी देणं हे सरकारचं काम आहे, पण त्यात ‘शक्य असेल तितपत’ असे शब्द आहेत. साथीच्या काळात सद्‌हेतूने घेतलेल्या निर्णयांना साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापन या दोन्ही कायद्यांचं संरक्षण आहे. केस दाखल करण्याच्या मुदतीचा प्रश्नही आहेच. कोविडमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, पण त्यानंतरची तीन वर्षंही संपली.

तेव्हा लक्ष कंपनीच्या पत्रावर ठेवा. त्यात ‘तपासणी नाही’ आणि ‘उपचार नाही’ यांची सरमिसळ केली आहे. व्हायरल लोड ही तपासणी आहे, उपचार म्हणजे गोळ्या. तपासणी का थांबली याला तांत्रिक कारण आहे. ही चाचणी ज्या प्रकारच्या पीसीआर मशीनवर होते, त्याच प्रकारच्या मशीनवर कोरोनाची चाचणी होते. २०२० मध्ये अनेक ठिकाणी मशीन, किट आणि तंत्रज्ञ तिकडे वळवले गेले. त्यात रक्त काढल्यावर साध्या तापमानात सहा तासांच्या आत प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वेगळा करावा लागतो. वाहतूकच बंद असताना तालुक्याहून नमुना वेळेत पोचवायचा कसा?

आता केंद्राने तुम्हाला दिलेलं, औषधांच्या नोंदींचं हिरवं पुस्तक उघडा. कंपनीचा माणूस बहुधा इथेच फसला असावा. आधी दर महिन्याला नोंद असते, २०२० मध्ये मात्र दोन नोंदींमध्ये दोन-तीन महिन्यांचं अंतर दिसेल. हा खंड नाही. गर्दी टाळण्यासाठी त्या काळात एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देत होते. रोज एक गोळी असेल तर ९० गोळ्या म्हणजे ९० दिवस. तारीख, मिळालेल्या गोळ्या आणि त्या किती दिवस पुरल्या, असा साधा तक्ता करा. पुस्तक हरवलं असेल तर केंद्राकडे तुमच्या उपचारांच्या नोंदींचं पांढरं कार्ड आणि औषधवाटपाची नोंद असते.

केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून एक पानाचं प्रमाणपत्र घ्या. चाचणी कोणत्या काळात आणि का झाली नाही, औषधं कोणत्या तारखांना दिली, आणि एप्रिल २०१९, ऑक्टोबर २०२१ व सर्वांत अलीकडच्या चाचणीचे आकडे काय आहेत, एवढं त्यात हवं. हे आकडे मिलिलिटरमागे १००० कॉपीजच्या (विषाणूच्या प्रतींच्या) खाली असतील तर तुमची बाजू भक्कम आहे, कारण गोळ्या सोडणाऱ्याचा विषाणू सहसा दबलेला राहत नाही. ऑक्टोबर २०२१ चा आकडा वर गेला असेल तर तो लपवू नका. त्यानंतर काय बदल केला आणि पुढचा आकडा किती आला, हेही लिहून घ्या.

लॅब बंद असल्याचा पुरावा माहिती अधिकारात मिळेल. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द चालतात, शुल्क १० रुपये. प्रश्न लॅबबद्दल विचारा, स्वतःबद्दल नको. उदाहरणार्थ, ‘एप्रिल २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात दरमहा किती व्हायरल लोड चाचण्या केल्या?’ असा अर्ज घरातल्या किंवा ओळखीच्या कुणाच्या नावानेही करता येतो, म्हणजे तुमचं नाव कुठे येणार नाही.

हे सगळं होईपर्यंत पॉलिसी नीट वाचा. विकत घेताना एचआयव्हीशी संबंधित खर्च कायमचा वगळायला तुम्ही सही केली होती का? केली असेल तर भांडण वेगळं होईल, मग न्यूमोनियाचा त्या आजाराशी संबंध आहे की नाही हा मुद्दा येईल. सही नसेल तर पत्रातलं कारण एवढंच उरतं, आणि विमागणिताचा (जोखमीच्या शास्त्रीय हिशोबाचा) आधार नसताना विम्यात अन्याय्य वागणूक देण्याला एचआयव्ही-एड्स कायद्याचं कलम ३ मनाई करतं.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा, पोच घ्या. कागद बंद पाकिटात द्या आणि वर ‘गोपनीय’ लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. साताऱ्यासाठी पुण्याचं कार्यालय. तिथे फी नाही आणि वकीलही चालत नाही, त्यामुळे आमच्या व्यवसायाची तेवढी कमाई बुडते, पण तुमच्यासाठी रस्ता हाच बरा. अर्ज कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत हवा. ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत आहे, पण तिथे प्रकरण सुरू झालं की लोकपालाचं दार बंद होतं. आयोगात जायची वेळ आलीच तर एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम ३४ खाली टोपणनावाने कामकाज चालवण्याचा अर्ज तक्रारीसोबत पहिल्याच दिवशी द्या. एकदा बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, नाव लागलं की मग तो अर्ज फारसा उपयोगी पडत नाही.