बोटं काउंटरच्या वर घे

बाय,

तुझं पत्र वाचलं. फोंड्याच्या औषधांच्या दुकानात लागून महिनाही झाला नाही आणि तू नोकरी सोडायचं बोलतेस. गिऱ्हाइकाने पाचशेची नोट पुढे केली की काउंटरखाली बोटं मोजतेस, घाईत काहीतरी परत देतेस, आणि रात्री गल्ल्यात कमी पडलेले पैसे स्वतःच्या पर्समधून भरतेस. मला राग आला. पैसे कमी पडतात याचा नाही, बोटं काउंटरखाली मोजतेस याचा.

वर घे ती बोटं. लोकांसमोर मोज.

तू हुशार आहेस वगैरे सांगत बसत नाही. ते तुला ठाऊक आहे आणि त्याने सुट्ट्याचा हिशेब जमत नाही. तुला डिस्कॅल्क्युलिया आहे, म्हणजे आकडे समजण्यातली जन्मजात अडचण. लादिस्लाव कोश्च या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये त्याचं नीट वर्णन केलं, त्याच सुमारास मी उजळणी चुकली म्हणून वर्गात ओणवी उभी राहत होते. पुढ्यात चार चिंचोके टाकले तर इतरांना ते न मोजता चार दिसतात. तुला-मला एकेक मोजावा लागतो. सात मोठे की नऊ, हे त्यांना दिसतं, आपल्याला आठवावं लागतं. हा आळस नव्हे.

त्यात आपली गोव्यातली शाळा. चौथीपर्यंत मराठीतून 'त्रेपन्न': कानावर आधी तीन, मग पन्नास, आणि लिहिताना पाच आधी. पाचवीत गणित इंग्रजीत गेलं की तीच संख्या 'फिफ्टी थ्री' होऊन उलटीकडून येते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असंही वाचायची सोय केली, तेव्हा महाराष्ट्रात केवढी टिंगल झाली! मंगला नारळीकरांसारख्या गणितज्ञ त्या समितीच्या प्रमुख होत्या, मुलांना जोडाक्षरी आकडे जड जातात हे परोपरीने समजावत होत्या. त्या टिंगलीचा मला अजून संताप येतो. हसणाऱ्यांनी त्रेपन्नचे पस्तीस लिहून कधी मार खाल्ला नसावा.

असो. तुझं दुकान.

मालकांना स्पष्ट सांग. कॅल्क्युलेटर काउंटरवर, कागद-पेन शेजारी. आणि परत द्यायचे पैसे वजाबाकीने काढूच नकोस. बिल तीनशे चाळीस असेल तर गिऱ्हाइकाच्या पुढ्यात मोठ्याने म्हणत ठेव: हे दहा, साडेतीनशे झाले, हे पन्नास, चारशे, हे शंभर, पाचशे. किती परत दिले ते तुला माहीत असायची गरजच नाही. पण हे मोठ्याने म्हणावं लागतं, म्हणजे उघड करावं लागतं, आणि तिथेच तू अडतेस.

औषधांच्या दुकानात लपवणं धोक्याचंही आहे, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. पाकिटावर 50 मिलिग्रॅम की 500, ते चिठ्ठी शेजारी धरून आकड्याला आकडा लावून बघ आणि दुसऱ्याला दाखवल्याशिवाय देऊ नकोस. दर वेळी. कोणी हसलं तर हसू दे, पण चुकीची गोळी कुणाच्या घरी जाता कामा नये.

मी सुरुवातीची कितीतरी वर्षं उत्तरपत्रिका घरी आणून रात्री चोरून पुन्हा पुन्हा बेरजा केल्या. गावच्या जत्रेतल्या नाटकाच्या तालमी त्यापायी सुटल्या, आणि मला नाटकात काम करायचं होतं गं! मग एके वर्षी स्टाफरूममध्ये सरळ सांगितलं, 'गुण मी देईन, बेरीज दुसरं कोणीतरी करा.' करायला लागले सगळे. पुढे मुख्याध्यापिकेची जागा आली तेव्हा मी नको म्हटलं. आकड्यांना घाबरली, असं लोक अजून म्हणतात. घाबरले नव्हते. मला वर्गात कविता शिकवायची होती. पगारपत्रकं आणि अनुदानाचे तक्ते तपासण्यात उरलेली वर्षं घालवायची नव्हती. नको म्हणण्याचं कारण मी कोणापासून लपवलं नाही, त्यामुळे तो निर्णय माझा राहिला. तू आज नोकरी सोडलीस तर तो निर्णय तुझ्या भीतीचा असेल. फरक कळतोय ना?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्कॅल्क्युलियाचं नाव घेऊन उल्लेख आहे. तपासणी बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात होते. 'वेड्यांच्या इस्पितळात मुलीला नेणार नाही, उद्या लग्न कसं व्हायचं' असं आई म्हणते ना? तिला माझ्याकडे पाठव. तुझ्याशी बोलते तेवढ्या प्रेमाने तिच्याशी बोलेन याची हमी देत नाही.

सोमवारी मालकांशी बोल. ते नाहीच म्हणाले, तर दुसरं दुकान बघू. फोंड्यात काय दुकानांचा दुष्काळ आहे? पण पर्समधून पैसे भरणं आजपासून बंद. आजवर किती भरलेस ते आठवेल तसं कागदावर लिही आणि बेरीज मालकांसमोर, कॅल्क्युलेटरवर कर.

तुझी,
टीचर