टँकची मखर करू नका: फांद्या-पानांबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्यातही तेच. १/३५ मापाचं पँथर या जर्मन रणगाड्याचं मॉडेल, नॉर्मंडी १९४४, वर काय चिकटवू? घ्या.

प्रश्न: अंगणातली खरी पानं चालतील?
नाही. वाळतात, मुडपतात, पावसाळ्यात बुरशी.

प्रश्न: ग्लिसरीनमध्ये ठेवली की कायम हिरवी राहतात म्हणे?
कोण म्हणे? पान मऊ राहतं, हिरवं राहीलच असं नाही, बरेचदा तपकिरीच होतं, आणि त्या ओशट पानावर रंगही धड बसत नाही. हौस असेल तर एकाच काडीवर करून बघा.

प्रश्न: 'स्केल पानं' असं पाकीट मिळतं, महागय, घेऊ?
त्यातली बरीचशी म्हणजे बर्च झाडाच्या तुऱ्यातली तीन टोकांची टरफलं. वाईट नाहीत, पण आधी मोजा. हेझेलचं (तिकडच्या कुंपणातलं झुडूप) पान ७ ते १० सेंमी, भागिले ३५, म्हणजे २ ते ३ मिमी. विकणारा हे सांगणार नाही.

प्रश्न: जुन्या फोटोत टँक पूर्ण झाकलेला दिसतो, मीही तसाच झाकू?
इथे जरा थांबा. त्या उन्हाळ्यात आकाश दोस्त राष्ट्रांचं होतं, त्यांची टायफून आणि थंडरबोल्ट विमानं दिवसा रस्त्यावर काही हलू देत नव्हते, म्हणून क्रू कुंपणातल्या फांद्या तोडून टँकवर खोचायचे. खोचायचे, चिकटवायचे नाहीत! म्हणजे बुंधा हत्यारांच्या क्लिपमध्ये नाहीतर केबलखाली अडकलेला हवा, आणि तोडलेलं टोक फिकट. ड्रायव्हरला आणि कमांडरला बाहेरचं दिसलं पाहिजे, मागच्या डेकवरच्या जाळ्या मोकळ्या हव्यात, नाहीतर इंजिन श्वास कुठून घेणार? परवा एकाने पँथर आणला, एक फांदी टरेटवरून (तोफेच्या फिरत्या बुरुजावरून) थेट मागच्या जाळीवर चिकटवलेली, मी टरेट बोटाने जरा फिरवला तर कट्‌कन मोडली. तो नाराज झाला, होऊ दे. शिवाय तोडलेली फांदी काही तासांत मान टाकते, पानांची फिकट खालची बाजू वर येते, तेव्हा सकाळच्या मरगळलेल्या फांद्यांवर दोनचार ताज्या असं दाखवा, सगळा एकच पोपटी नको. आणि गोंद उघडायच्या आधी फोटो घेऊन कुणातरी जाणकाराला दाखवा, नंतर दाखवून काय उपयोग.

प्रश्न: सुपरग्लू की फेविकॉल?
पाणी घातलेला फेविकॉल. सुपरग्लूने पानांवर पांढरी झाक येते.

प्रश्न: वेदरिंगच्या (मॉडेल वापरलेलं, मळकं दिसेल असं रंगवण्याच्या) आधी लावू की नंतर?
नंतर. मग पानांवरही रस्त्याची धूळ हलकेच. एअरब्रश (रंग फवारायचं पेन) नवा असेल तर आधी पुठ्ठ्यावर, मास्क लावून, आणि वापरणारा कुणी शेजारी असला तर उत्तम.