आई पडेल म्हणून तिला बसवूनच ठेवायचं का?

"मॅडम, आईला एकटीनं उठूच देत नाही मी आता. परत पडली तर?"

मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातले एक गृहस्थ आईला घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) काकूंचं वय 76. एप्रिलमध्ये बाथरूमच्या दारात पडल्या, डावं मनगट मोडलं. तेव्हापासून पाणी पलंगावर, जेवण पलंगावर, कोपऱ्यावरच्या मारुतीला जाणं बंद. असे दमलेले मुलगे, मुली माझ्याकडे नेहमी येतात.

काकू गप्प होत्या. मी मुलाला खाली चहाला पाठवलं. ती टपरी माझ्या फार कामाची आहे!

"काकू, पहिल्यांदाच पडलात का?"

"नाही व. तिसऱ्यांदा. आधीचं सांगतलं असतं तं यानं मले तवाच बसवून ठेवलं असतं."

एकदा त्या कुलरपाशी घसरल्या होत्या. रोज संध्याकाळी पाइपनं पाणी भरायचं, सांडलेलं तसंच राहायचं, आणि खाली गुळगुळीत टाइल्स. दुसऱ्यांदा पहाटे पलंगावरून उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली. तिसऱ्यांदा तोल गेला तेव्हा टॉवेलची दांडी धरली, ती हातातच आली.

मला खटकली ती पहाटेची अंधारी. बीपीची गोळी चालू, त्यात नागपूरचा उन्हाळा, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून काकू संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हत्या. झोपून आणि मग उभं राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत असं दोनदा बीपी मोजून घ्या, म्हटलं. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर ते डॉक्टरांनी बघायलाच हवं. काकूंचा 28 नं उतरला. गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांनी ठरवलं. घरच्यांनी परस्पर बंद करायची नसते.

मुलगा वर आला तेव्हा मी काकूंना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. मी शेजारी उभी होते. तीनदा प्रयत्न केला, जमलं नाही. एप्रिलपर्यंत ही बाई रोज मारुतीपर्यंत पायी जात होती. महिनाभर बसून मांड्यांतला जोर गेला होता.

"मग काय, पडू द्यायचं?" तो चिडलाच. त्याचं चुकलं असं मला वाटलं नाही. रात्री दोन वाजता आईला जमिनीवर पाहिलं होतं त्यानं.

ठरलं ते एवढंच. टॉवेलच्या दांडीऐवजी भिंतीत पक्कं बसवलेलं हँडल, बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा, कुलर भरला की लगेच फरशी कोरडी. पलंगावरून उठताना आधी काठावर जरा बसायचं. फिजिओथेरपिस्टनं दाखवलेला उठण्या-बसण्याचा व्यायाम रोज, आणि मारुती पुन्हा सुरू, पहिले काही दिवस सुनेसोबत. शेवटच्या अटीवर मी दोघांना अडून बसले: काकूंनी पडलेलं लपवायचं नाही, आणि सांगितलं म्हणून मुलानं काही बंद करायचं नाही. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला, मग "ठीक आहे" म्हणाला.

जुलैत काकूंचाच फोन आला. "पडली नाही, पायपुसण्यात पाय अडकला फक्त. त्याले सांगतलं."

"मग?"

"बडबडला. पायपुसणं फेकलं. मंदिरात जाऊन आली मी आत्ताच."